दारातलं ऊन, आतला अंधार

१. डोळ्याला दिसतं ते फोटोत का येत नाही?

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमसारख्या गावातलं माळवदाचं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. जाड दगडी भिंती, वर मातीचं जड छत, उजेडासाठी एक दार आणि छतात ठेवलेला एखादा झरोका. भर दुपारी आतल्या खोलीत उभं राहून दाराकडे पाहिलं, तर अंगणातली तुळस, चुना दिलेली समोरची भिंत आणि वरचं निळं आकाश स्पष्ट दिसतं. त्याच वेळी खोलीतला काजळलेला कोनाडा, लाकडी खांबावरची नक्षी, कोपऱ्यातली उतरंडही दिसते. फोटो काढला की मात्र दोन्हींपैकी एकच हाती लागतं. अंगण नीट आलं तर खोली काळीकुट्ट, खोली नीट आली तर दाराच्या जागी पांढरा चौकोन. ‘डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्याला का दिसत नाही?’ हा प्रश्न फोटो काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो. फोनमध्ये ‘एचडीआर’ नावाची सोय असते, ती यावरचा उपाय असेल तर कायमच चालू का ठेवू नये?

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. एखाद्या दृश्यातली सगळ्यात उजळ जागा आणि सगळ्यात अंधारी जागा यांच्यामधल्या अंतराला आपण ‘प्रकाशाचा पल्ला’ म्हणू. हा पल्ला कॅमेऱ्याच्या आवाक्यापेक्षा मोठा असेल, तेव्हा तो पकडण्याची ही रीत आहे. तिच्याबद्दल या प्रकरणात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. एचडीआर हा फोटोला द्यायचा रंग किंवा साज नव्हे. तो मोजमापावर आणि हेतूवर घ्यायचा निर्णय आहे. दृश्याचा पल्ला खरोखर मोठा आहे का, आणि त्याची दोन्ही टोकं दाखवणं या फोटोसाठी गरजेचं आहे का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल तरच ही रीत वापरावी.

आधी डोळ्याचं पाहू. डोळ्याची बाहुली कडक उन्हात सुमारे २ मिलिमीटर असते आणि अंधारात ती ८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. व्यास चौपट झाला म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. म्हणजे बाहुलीच्या जोरावर आत येणारा प्रकाश फार तर सोळापट वाढतो किंवा कमी होतो. उरलेलं सगळं काम डोळ्याचा पडदा आणि मेंदू करतात. उन्हातून आत आल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, पूर्ण अंधाराला सरावायला तर अर्धा तास लागतो. दाराकडे पाहताना नजर उंबऱ्यावर असते तेव्हा डोळा उन्हाशी जुळवून घेतो, कोनाड्याकडे वळली की अंधाराशी. या तुकड्यांमधून मेंदू एक सलग खोली उभी करतो. ‘मला सगळं एकदम दिसलं’ असं आपल्याला वाटतं खरं, पण ते एकदम दिसलेलं नसतं. पुढे ‘एचडीआर म्हणजे फसवणूक’ हा आक्षेप तपासताना हे लक्षात ठेवायला हवं.

२. भांडी आणि पाऊस

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणारे लाखो बारीक ठिपके असतात. पावसात अंगणभर एकाच मापाची भांडी मांडून ठेवावीत, तसे ते असतात. पावसाऐवजी त्यांच्यात प्रकाश पडतो आणि ठरावीक वेळाने प्रत्येक भांड्यात किती साचलं ते मोजलं जातं. जिथे धो धो पाऊस पडला ते भांडं काठोकाठ भरून वाहू लागतं. त्यानंतर तिथे दुप्पट पडलं काय आणि दहापट पडलं काय, माप एकच येतं. चुन्याच्या भिंतीवरचे पोपडे आणि तिच्यावरचं आकाश दोन्ही सारखेच पांढरे होतात ते यामुळे. जिथे दोनच थेंब पडले तिथे उलटी अडचण होते. भांड्याला आधीपासून असलेली ओल आणि आलेले थेंब यांत फरक करता येत नाही. फोटोच्या अंधाऱ्या भागात जे रंगीबेरंगी दाणे दिसतात ते या ओलीचे. छायाचित्रकार त्याला नॉइज म्हणतात. काठ आणि ओल यांच्यामध्ये जेवढी जागा उरते, तेवढाच कॅमेऱ्याचा पल्ला.

हा पल्ला ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट आणि दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. हाताशी धरायला ढोबळ आकडे असे: फोनच्या एका साध्या फोटोचा पल्ला सुमारे १० स्टॉप आणि चांगल्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा सुमारे १४ स्टॉप. चकचकीत कागदावरच्या छपाईत मात्र कोऱ्या कागदाचा पांढरा आणि शाईचा गडद काळा यांच्यात साधारण शंभर ते दीडशे पटच फरक असतो, म्हणजे जेमतेम ७ स्टॉप. हा शेवटचा आकडा लोक विसरतात, आणि एचडीआरच्या नावाने जे भडक फोटो दिसतात त्यांचं मूळ तिथेच आहे.

३. खोलीचा हिशोब

आता माळवदाच्या खोलीत आकडे भरू. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो (लक्स हे पडणाऱ्या प्रकाशाचं माप). खोलीच्या कोपऱ्यात समजा ५० लक्स आहे. पण कॅमेऱ्याला पडणारा प्रकाश दिसत नाही, वस्तूवरून परतणारा दिसतो. चुन्याची भिंत सुमारे ८० टक्के प्रकाश परत फेकते, तर काजळलेला कोनाडा जेमतेम ५ टक्के. म्हणजे भिंतीचे ८०,००० आणि कोनाड्याचे अडीच. भागाकार ३२,०००, म्हणजे जवळजवळ १५ स्टॉप. फोनचे १० स्टॉप इथे पुरणार नाहीत आणि मोठ्या कॅमेऱ्याचे १४ देखील तोकडे पडतील. इथे एचडीआरची गरज खरी आहे.

आता त्याच अंगणात उन्हात उभ्या असलेल्या, पांढरी टोपी घातलेल्या शेतकऱ्याचा फोटो घ्या. टोपी ८० टक्के प्रकाश परतवते आणि उन्हाने रापलेला चेहरा समजा १० टक्के. फरक आठपट, म्हणजे ३ स्टॉप. टोपीखालच्या सावलीचे आणखी तीन धरले तरी बेरीज ६. फोनच्या एका साध्या फोटोत हे आरामात बसतं. तरीही चेहरा काळा येत असेल तर दोष पल्ल्याचा नाही, एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, चुकल्याचा आहे. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवला की काम होतं. पुष्कळ जण जिथे एचडीआरकडे धावतात, तिथे खरं तर एवढंच हवं असतं.

लक्समापक जवळ नसला तरी हा निर्णय घेता येतो. बहुतेक कॅमेरे आणि काही फोन हिस्टोग्राम नावाचा आलेख दाखवतात. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. आलेख एकाच टोकाला आदळून कापला गेला असेल, तर एक्स्पोजर सरकवा. सरकवल्यावर दुसरं टोक कापलं जात असेल, म्हणजे दोन्ही टोकं एकदम वाचतच नसतील, तरच हा पल्ल्याचा प्रश्न आहे. तेव्हाही पहिला उपाय एचडीआर नव्हे. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी खोलीत दिवा लावून तोच फोटो घेतला, तर आतला आणि बाहेरचा उजेड आपोआप जवळ येतो. माणसाचा फोटो असेल तर त्याच्यासमोर धरलेलं स्वच्छ पांढरं धोतरही बराच प्रकाश परत फेकतं. पल्लाच कमी करता येत असेल तर तो कमी करणं कधीही चांगलं, कारण जोडकाम आलं की त्याचे धोकेही आले.

४. एका दृश्याचे पाच फोटो

पल्ला कमी करता येत नसेल, तेव्हा भांड्यांकडे परत जावं. एकाच वेळी सगळ्या भांड्यांना न्याय देता येत नाही, पण तीच भांडी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळेसाठी पावसात ठेवता येतात. थोडा वेळ ठेवली तर भरभरून वाहणारी मोजता येतात, जास्त वेळ ठेवली तर रिकामी राहणारी. मग प्रत्येक जागेचं विश्वासार्ह माप ज्या खेपेत मिळालं, तिथून ते उचलायचं. असे वेगवेगळ्या वेळांचे फोटो घेण्याला ब्रॅकेटिंग म्हणतात.

ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १८५०च्या दशकातल्या काचेच्या निगेटिव्हना निळा प्रकाश फार लवकर लागायचा, त्यामुळे जमीन किंवा समुद्र नीट येईपर्यंत आकाश कोरं पांढरं होऊन जायचं. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जोडून चित्रं छापली. विसाव्या शतकाच्या मध्यावर चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोटांच्या चित्रीकरणासाठी वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे तीन थर एकाच फिल्मवर दिले. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि मथुरेत जन्मलेले जितेंद्र मलिक यांनी, वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या साध्या फोटोंवरून दृश्यातल्या प्रत्येक बिंदूचा सापेक्ष प्रकाश गणिताने कसा काढायचा ते दाखवलं. आजची एचडीआरची सॉफ्टवेअर त्या कामावर उभी आहेत.

माळवदाच्या खोलीत हे असं करावं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा. फोन असेल तर घट्ट टेकवून ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का बसणार नाही. फोकस आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून बांधून टाकावेत. ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, बदलू नये, कारण त्याबरोबर किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं तेही बदलतं. समजा एफ ८. आयएसओ १०० वर ठेवावा. बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. बाहेरच्या उन्हासाठी १/४०० सेकंद, आणि मग दर वेळी चौपट: १/१००, १/२५, १/६ आणि शेवटी अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. पाच फोटो, दोन दोन स्टॉपच्या अंतराने. पहिल्या आणि शेवटच्यात ८ स्टॉपचा फरक पडला, त्यात फोटोचे स्वतःचे (फोनचाच आकडा धरला तरी) १० मिळवले की १८ स्टॉप होतात. आपल्याला हवे होते १५. तीन तीन स्टॉपच्या अंतराने तीनच फोटो घेतले असते तर बेरीज १६ झाली असती, म्हणजे कागदावर तेही पुरले असते. पण कोनाडा मग अगदी ओलीच्या पातळीशी राहिला असता आणि त्यावरची काजळी व नॉइज यांत फरक कळला नसता. वरचे दोन-तीन स्टॉप चैनीचे नाहीत, स्वच्छ सावलीसाठी आहेत. पहिल्या फोटोत चुन्याच्या भिंतीचे पोपडे दिसतात ना आणि शेवटच्यात कोनाड्याचा दगड दिसतो ना, एवढं जागेवरच तपासावं.

५. नळदुर्गचं पाणी

याच जिल्ह्यातलं अवघड उदाहरण म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच ही दालनं आहेत. पावसाळ्यात नर आणि मादी या सांडव्यांवरून पाणी कोसळू लागलं, की आतल्या अंधारातून ते समोर पडताना दिसतं. बाहेर पांढराशुभ्र फेस आणि आत काळा दगड. एचडीआरसाठी यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही असं कुणालाही वाटेल. तरी इथे दोनदा विचार करावा लागतो.

पहिला मुद्दा ढगांचा. पाणी पडत असतं तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. थेट ऊन गेल्यामुळे बाहेरचा प्रकाश लाखावरून दहा-वीस हजार लक्सवर येतो. आतला प्रकाश मात्र तितका घटत नाही, कारण तो थेट उन्हाचा नसतोच. आकाशभर पसरलेला उजेड खिडकीतून आत झिरपलेला असतो आणि पातळ ढगांचं आभाळ तसा उजेड भरपूर देतं. परिणामी पल्ला तीनेक स्टॉपने आपोआप आवळतो. चांगल्या कॅमेऱ्यावर, रॉ प्रकारात, म्हणजे सेन्सरची मूळ मापं तशीच राखून, साठवलेला एकच फोटो तेव्हा पुरू शकतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. १/४०० सेकंदात धारेचे थेंब गोठतात, अर्ध्या सेकंदात त्याच धारेचा दुधी पट्टा होतो. दोन्ही एकत्र केले की ना थेंब राहतो ना पट्टा. मध्येच डागाळलेलं, कापल्यासारखं काहीतरी तयार होतं. हलत्या गोष्टीच्या अशा अर्धवट प्रतींना घोस्ट म्हणतात. सॉफ्टवेअर त्या पुसायचा प्रयत्न करतं, पण सगळंच दृश्य हलत असेल तर त्याचाही नाइलाज होतो. उपाय असा की पाणी एकाच फोटोतून घ्यावं, तुम्हाला थेंब हवा की पट्टा ते ठरवून. आणि बाकी फोटोंमधून फक्त दगडी दालन घ्यावं. दगड हलत नाही. खिडकीच्या कडेने हे जोडकाम हाताने करायला वेळ लागतो, पण आपोआप जोडलेल्या फोटोपेक्षा ते कितीतरी खरं दिसतं.

६. भडकपणा कुठून येतो?

पाच फोटो जोडून १५ स्टॉपचा पल्ला हाती आला, तरी तो छापायचा आहे ७ स्टॉपच्या कागदावर. म्हणजे आवळणं आलंच. या आवळण्याला टोन मॅपिंग म्हणतात. सगळ्या चित्राला एकच नियम लावून आवळलं तर चित्र फिकट, मिळमिळीत होतं. म्हणून प्रत्येक भागाला त्याच्या आजूबाजूच्या भागाच्या तुलनेत उजळ किंवा गडद करण्याच्या रीती निघाल्या. त्यांचा अतिरेक झाला की बुरुजाच्या कडेने आकाशात उजळ वलय उठतं, ढग मळकट होतात, दगड प्लास्टिकचा वाटू लागतो. २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये एचडीआर जोडण्याची सोय आली आणि पुढची काही वर्षं अशा चित्रांची लाट आली. एचडीआरचं नाव खराब झालं ते तेव्हा. पण दोष प्रकाश गोळा करण्याचा नव्हता, आवळण्यातल्या हावरेपणाचा होता. हात कुठे आवरायचा याची एक साधी खूण आहे: उजेडाचा क्रम मोडू नये. अंगण खोलीपेक्षा उजळच दिसलं पाहिजे. काजळलेला कोनाडा उन्हातल्या भिंतीच्या बरोबरीला आला, की दिवसाची वेळच चित्रातून निघून जाते. २००७ मध्ये मेर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेली एक्स्पोजर फ्यूजन ही रीत या बाबतीत बरीच संयमी आहे. ती प्रकाशाचा हिशोब न मांडता प्रत्येक फोटोतला नीट उतरलेला भाग निवडून सांधते. एन्फ्यूज या मोफत प्रोग्रॅममध्ये ती मिळते आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

७. दोन आक्षेप

‘हे सगळं खोटं आहे’, असं काही जाणकारही म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे, पण रेघ त्यांनी चुकीच्या जागी ओढली आहे. एकच फोटो घेतला तरी १५ स्टॉप ७ मध्ये कोंबले जातातच. फक्त काय फेकून द्यायचं ते कॅमेरा ठरवतो. पांढरा चौकोन झालेलं दार हेही सत्य नव्हे, तिथे अंगण होतं. आणि डोळा स्वतः तुकडे जोडूनच खोली दाखवतो, हे आपण पाहिलं. खरी रेघ वेळेची आहे. काही मिनिटांत, एकाच जागेवरून घेतलेले फोटो जोडले तर ते त्याच दृश्याचं मोजमाप असतं. दुपारच्या शेतावर संध्याकाळचं आकाश चढवलं तर ते रचलेलं चित्र झालं. ल ग्रेने एकच आकाश एकाहून जास्त समुद्रांवर वापरलं. चित्रकार म्हणून त्याला तो अधिकार होता, पण त्या चित्राला त्या दिवसाचा पुरावा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप: ‘फोन हे आपोआप करतो, मग शिकायचं कशाला?’ आयफोनमध्ये ही सोय २०१० मध्ये आली. पुढे गुगलने एचडीआर प्लस या नावाने वेगळी वाट काढली. मूळ रूपात ती एक्स्पोजर न बदलता, मुद्दाम कमी उजेडाचे बरेच फोटो झटपट घेत असे आणि जोडत असे. कमी उजेडामुळे उन्हातली भांडी वाहत नाहीत. आणि फोटोंची सरासरी काढली की नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे ९ फोटो घेतले तर एक तृतीयांश. प्रत्येक फोटो अगदी थोड्या वेळाचा असल्याने हात हलला तरी चालतं. ही रीत इतकी चांगली आहे की रोजच्या फोटोंसाठी फोनवरचं आपोआप एचडीआर चालू ठेवायला माझी हरकत नाही. पण फोनला पल्ला मोजता येतो, हेतू कळत नाही. अंधार दिसला की तो उजळायचा, एवढंच त्याला शिकवलेलं आहे.

गोंधळाचं उदाहरण घ्या. तुळजाभवानीच्या या मुलखात रात्रीच्या अंगणात दिवटी पेटलेली असते, संबळ वाजत असतो, गोंधळ्याचा अर्धा चेहरा ज्योतीच्या उजेडात आणि अर्धा काळोखात. पल्ला इथेही मोठा आहे. पण मागची भिंत, विजेचा मीटर, कोपऱ्यातल्या खुर्च्या उजळून दाखवल्या तर दिवटीला काय अर्थ उरला? शिवाय माणूस नाचतो आहे, ज्योत हलते आहे, जोडकाम फसणारच. इथे एचडीआर बंद करावं, ज्योतीजवळच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर धरावं आणि बाकीचं काळं होऊ द्यावं. क्षितिजावरच्या बैलगाडीची काळी आकृती आणि धुक्यातलं तुरीचं शेत यांचंही तेच. धुक्यात तर पल्ला मुळातच इवलासा असतो; तिथे एचडीआर चालवलं की धुकंच निघून जातं.

माळवदाच्या घराचं तसं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने उमरगा आणि औसा तालुक्यांतली कितीतरी गावं उद्ध्वस्त केली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचं जड छत यांनीच हजारो जीव घेतले. पुढे अनेक गावं नव्या जागी वसली आणि तशी घरं बांधणं लोकांनी सोडलं, ते योग्यच होतं. जी जुनी घरं अजून उभी आहेत त्यांची आतून नीट चित्रं फार कमी दिसतात, कारण ती आतून अंधारी आहेत आणि साधा फोटो तिथे हरतो. भिंत किती जाड होती, खांबावर तुळई कशी टेकली होती, झरोक्याचा उजेड कुठवर पोचायचा, हे सगळं एका चौकटीत यायला हवं. दोन्ही टोकं दाखवणं हाच इथे फोटोचा हेतू आहे. धाराशिवच्या लेण्यांसारख्या जागी, जिथे दारातून ऊन येतं आणि कोरीवकाम सावलीत असतं, तिथेही तेच लागू पडतं; मात्र फोटोला परवानगी आहे का ते आधी विचारावं.

असं काम करताना जोडलेली प्रत तेवढी ठेवून मूळ फोटो पुसून टाकायची चूक करू नये. पाचही मूळ फाइली, शक्यतो रॉ प्रकारात, एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि सोबत तारीख, वेळ, घर कुठलं आणि कॅमेरा कोणत्या दिशेला होता, ते लिहून ठेवावं. २००५ च्या सॉफ्टवेअरने जोडलेली चित्रं आज डोळ्याला खुपतात. ज्यांनी मूळ फोटो सांभाळले त्यांना ती आजच्या रीतीने पुन्हा जोडता येतात.